परत आलेलं निळं पिंप

रसायनाची रिकामी पिंपं पुरवठादाराकडे धाडून पुन्हा भरून आणायची, ही आमच्या अंबरनाथच्या कारखान्यातली योजना माझीच. त्यावर मी भाषणंही ठोकली. पण पुरवठादाराचा टेम्पो येईना, ढीग वाढला, म्हणून काही पिंपं मी गुपचूप भंगारवाल्याला देऊन टाकली.

पाणीकपातीत बायकोने कात्रपच्या बाजारातून निळं पिंप आणून भरून ठेवलं. झाकणावर आमच्याच कारखान्याचा शिक्का! मी सगळं पाणी मोरीत ओतलं.

"अहो, वेड लागलंय का?"

मी खरं ते सांगितलं.

"म्हणजे योजना चालतेय की तुमची," ती म्हणाली, "फक्त वाटेत आमच्या पोटातून जाणार होती."

सकाळी पिंप स्कूटरला बांधून कारखान्यात नेलं. वॉचमनने गेटवरच अडवलं. "साहेब, पिंप बाहेर न्यायचा पास असतो. आत आणायचा कुठे असतो?"