श्रीधरची बाजू

रेडिओवरच्या एका माणसाने केलेल्या गुन्ह्याची शिक्षा आमच्या घरात मला झाली, आणि ती योग्यच होती असं आता मलाही वाटतं.

त्या माणसाचं नाव श्रीधर. दर बुधवारी संध्याकाळी नागपूरहून एका नवराबायकोच्या संसाराची श्रुतिका लागायची. श्रीधर नवरा, सुमन बायको. क्वार्टरांच्या आमच्या ओळीत रेडिओ फक्त आमच्याकडे (बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये खलाशी, म्हणजे अवजड यंत्रं उचलून हलवणारे कामगार; त्यांनी आयुष्यात केलेली ही एकच चैन). त्यामुळे बुधवारी अंगणात आठ घरांची माणसं चटया टाकून बसायची आणि श्रीधरला शिव्या द्यायची. तो घरी उशिरा आला की शिव्या, लवकर आला की संशय. शेजारच्या गिरजाकाकू तर रेडिओकडे पाठ करून बसत. म्हणत, "मले त्याचं तोंडई पाहाचं नाई."

(रेडिओत तोंड दिसत नाही, हे मी एकदा नम्रपणे सांगून पाहिलं. "तुले कॉलेजात हेच शिकवतेत का?" असं उत्तर मिळालं.)

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. दुर्गच्या कॉलेजात सरांनी सांगितलं होतं की पात्राला दोष असतात आणि ते आपण समजून घ्यायचे असतात. हे वाक्य मी वहीत दोनदा उतरवून घेतलं होतं. त्यामुळे अंगणातल्या या अडाणी कोर्टाचा मला तिटकारा यायचा. मनातल्या मनात का होईना, पण यायचा.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. बी शिफ्टवाले दुपारी दोनला प्लांटात शिरत ते उशिरा सुटत, म्हणजे त्यांचा बुधवार बुडायचा. मग ज्याने ऐकलं त्याने गुरुवारी सकाळी चहाच्या टपरीवर त्यांना गोष्ट सांगायची. माझी दुर्गची बस तिथूनच सुटायची, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. चार-पाच फिटर आणि खलाशी बाकावर बसून ऐकत. कुणी माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतंय, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

आणि एका बुधवारी श्रीधरने हद्द केली. सुमनच्या भावाचं पत्र आलं होतं की माय फार आजारी आहे, हिला पाठवा. सुमन गेली तर आपल्या जेवणाचे हाल होतील म्हणून श्रीधरने ते पत्र लपवलं. माय गेली, मग सुमनला कळलं. अंगणात बाया रडल्या. माझी मोठी बहीण शांताताई रडली नाही. तिने उठून रेडिओ बंद केला आणि बटण जरा जास्तच जोरात फिरवलं.

दुसऱ्या दिवशी टपरीवर मी पत्रापर्यंत आलो, तोच एक म्हातारे खलाशी म्हणाले, "आता पाहा, हा हरामखोर पत्र लपवते."

सगळे हसले. मला श्रीधरची कीव आली. समजून घ्यायची वेळ हीच, असं वाटलं आणि मी म्हणालो, "नाही काका. पत्र टपालातच हरवलं. त्याला पत्ताच नव्हता. कळल्यावर तो ढसाढसा रडला."

(म्हणजे दोष समजून घेण्याऐवजी मी दोषच काढून टाकला. हे सरांनी शिकवलं नव्हतं.)

बाकावरचा एक तरुण फिटर हळहळला. सुधाकर त्याचं नाव. "बिचारा. मी उगाच त्याले शिव्या देऊन राहिलो होतो." मी धन्य होऊन बसमध्ये चढलो.

रविवारी मामा ताईसाठी स्थळ घेऊन आले. मुलगा रोलिंग मिलमध्ये, भंडाऱ्याकडचा, सुपारीचंही व्यसन नाही. दारात पाहतो तर सुधाकर. मला पाहून तो खुलला. त्याला पाहून मीही खुललो, एवढी माझी अक्कल.

पोहे आले. मामा म्हणाले, "पोरीले काही विचाराचं असंन तं विचारू द्या."

ताईने एकच विचारलं. "रेडिओवरची गोष्ट आयकता का? तो श्रीधर कसा वाटते तुमाले?"

"मानूस चांगला हाये," सुधाकर मनापासून म्हणाला.

"पत्राचं एवढं झालं तरी?"

"त्यात त्याची काय चूक? माह्या घरीबी तसंच झालं असतं."

ताई उठून आत गेली. आतून सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "मामा, त्याइले पोहे खाऊन जाऊ द्या. मले नाई कराचं हे लग्न."

बाबांच्या हातातली बशी वाकडी झाली. सुधाकर गोंधळला. "माहं काय चुकलं?"

न बोलावता आलेल्या गिरजाकाकू पुढे सरसावल्या. "बायकोची माय मरून राहिली अन् हा पत्र लपवते. तो चांगला?"

"लपवते कुठं? पत्र तं टपालात हरवलं."

"कोन म्हनते?"

सुधाकर भला माणूस. त्याने माझं नाव घेतलं नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. गप्प राहावं, असं मला वाटलं. ताईला दुसरं स्थळ मिळेल. मला दुसरी अब्रू कोण देणार? मी तेवढाच वेळ थांबलो जेवढा श्रीधर पत्र हातात घेऊन थांबला असेल. मग सगळं सांगून टाकलं.

"पन कावून केलं तू असं?" बाबांनी विचारलं.

"मला श्रीधरची बाजू मांडायची होती," मी म्हणालो. इतकं मूर्ख वाक्य आमच्या घरात आजवर कुणी बोललं नव्हतं.

ताई दाराशी आली. सुधाकरला म्हणाली, "अन् त्यानं खरंच लपवलं असंन तं?"

सुधाकरने बशी खाली ठेवली. "मंग तो मानूस कामाचा नाई."

"अजून पोहे घ्या," ताई म्हणाली. मामांनी डोळे मिटून श्वास सोडला.

पुढच्या बुधवारी श्रीधर सुमनजवळ पत्राचं सगळं सांगून रडला आणि अंगण पाघळलं. "चुकला, पन कबूल तं केलं ना," असं चार घरं म्हणू लागली. मीही संधी साधली. "काकू, मीसुद्धा कबूल केलं होतं."

"त्याची गोष्ट अलग हाये," काकू म्हणाल्या. "तो आठवड्यातून अर्धा घंटा येते. तू तं आठही दिवस इथंच असतं."

त्या संध्याकाळी श्रीधरच्या बाजूने चार घरं होती आणि विरुद्ध चार. माझ्या बाबतीत मात्र आठही घरांचं एकमत होतं.