आमच्या भिंतीवरचा लाल बाण

भूतखेत, बाहेरची बाधा... मी कधी मानलं नाही. गावात कुणाच्या अंगात आलं की मागे बसून हसणारा माणूस मी. इथं ग्रुपवर लोकांचे अनुभव वाचतानाही म्हणायचो, घरी बसून रचतात. आता मीच लिहून राहिलो. शाळा सातवीत सुटली, तेव्हा चुका पोटात घाला.

मी छत्तीसगडात, भिलाईत रुआबांध्याला भाड्याच्या खोलीत राहतो. गाव लांब — गोंदियापर्यंत रेल्वे, पुढं दोन बस. तिथं आई एकटी. इथं रस्त्याची कामं करणाऱ्या एका सरकारी खात्यात मी रोजंदारीवर आहे. इंजिनियर साहेब नागपूरचे. मराठी बोलणारा पोरगा म्हणून त्यांनी मला ठेवून घेतलं, नाहीतर मी कुठं असतो देव जाणे. त्याच कमाईवर गावचं घर विटांचं केलं. उपकार आहेत, म्हणून नाव लिहीत नाही.

काम असं — रस्ता रुंद करायचा असला की साहेब मधली रेघ ठरवतात, दोन्ही बाजूंना टेप धरतात आणि जिथपर्यंत घर तुटणार तिथं मी लाल पेंटनं बाण आणि नंबर काढतो. पेंट पातळ असतो, ओघळतो. म्हणून बाणाखाली मी अंगठा दाबतो. अंगठ्यावर विळ्याच्या जखमेची आडवी खूण आहे, तीही उमटते. साहेब चिडवायचे, "सही करतोस काय रे लोकांच्या घरांवर?"

गेल्या उन्हाळ्यात भिलाई-3 या भागात काम होतं. भर दुपार. रस्त्याच्या एका बाजूला राइस मिलची लांब भिंत, दुसऱ्या बाजूला घरं. साहेबांना एक फोन आला. बोलणं झाल्यावर त्यांनी मधल्या रेघेच्या खुंट्या उपटून घरांच्या बाजूला ठोकायला लावल्या.

"वळण बसत नव्हतं," म्हणाले. "टेक्निकल आहे, तुला नाही कळणार."

शेवटच्या घरात एक म्हातारी एकटी राहायची. नवरा प्लांटमध्ये लेबर होता, वारला. माणसं मूळ भंडाऱ्याकडची.

"आजी, तुमच्या घरातून विकास जाणार आहे," साहेब म्हणाले. "चहा तरी पाजा त्याला."

"बसाले जागा नाही साहेब. उभ्या उभ्याच जाऊ द्या त्याले."

साहेब पोट धरून हसले आणि गाडीत एसी लावून बसले. म्हातारीनं खरंच चहा आणला. मला.

"कोन्या गावचा बाबू तू?"

आपली बोली ऐकून इतकं बरं वाटलं की मी बोलतच सुटलो. घर कोणत्या तोंडाचं, तिनं विचारलं. पूर्वेचं. दारापाशी काय हाये? सीताफळ. आई कुठं बसते? खिडकीपाशी, तांदूळ निवडत. एखाद्याला पत्ता समजावून घ्यायचा असावा तशी ती मान हलवत होती.

"काढ आता तुहा बाण," ती म्हणाली. "खिडकीच्या डाव्या अंगाले काढ. तिथं प्लास्टर चांगलं हाये."

शिवी नाही, रडणं नाही. मी नंबर टाकला, सतरा. अंगठा दाबला. चहा चांगला झाला म्हणून सांगितलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या पोरीनं गावाहून फोटो पाठवला. आमच्या खिडकीच्या डावीकडे लाल बाण. नंबर सतरा. खाली अंगठा — आडव्या खुणेसकट. गावात ना सर्वे, ना कुठला रस्ता निघालेला.

साहेबांना दाखवला. "वा रे! दोन राज्यांत ड्युटी करतोस? ओव्हरटाइम मागू नकोस फक्त."

आईला सांगून भिंत घासून घेतली, वरून चुना मारला. दोन दिवसांत बाण पुन्हा वर आला.

म्हातारीचं घर पावसाआधीच तुटलं. सामान काढायला एक सकाळ दिली होती. ती कुठं गेली, कुणालाच माहीत नाही. मी विचारलं.

दिवाळीनंतर आमच्या गावात रस्त्याची मोजणी आली. तिकडचं खातं वेगळं, इंजिनियर वेगळे. त्यांनी आमच्या भिंतीला टेप लावला, तो बरोबर बाणावर आला. "इथं आधीच मारलंय की," म्हणाले आणि पुढं गेले. खिडकीपासून सारं घर गेलं.

आई आता माझ्यापाशी आहे. तिला आणायला साहेबांनी सुट्टी दिली, तेही उपकारच. बाण मीच काढतो अजून. अंगठा लावत नाही. ओघळतो तर ओघळू दे.

म्हातारीच्या भिंतीवर बाण काढला त्या दुपारी मी भिलाईतच होतो. साहेब साक्षीला आहेत. याच्यापुढं मला काही सांगता येत नाही... कुणाला येत असेल तर सांगा. कारण परवा भाकरी वाढता वाढता आई बोलली. फोनवर ती हे कधी बोलली नव्हती.

"त्या दुपारी तू खिडकीबाहेर पाठमोरा उभा होता. हातात ब्रश. मी दोनदा हाका मारल्या, तू वळला नाही. म्हटलं घाईत असंल." मग माझ्या ताटाकडेच बघत म्हणाली, "बाबू, एवढ्या दुरून आला होता त घोटभर च्या पिऊन काऊन नाही गेला?"