महिरप नसलेलं ताट

"खुर्ची काढा," देशमाने मॅडम म्हणाल्या. "विषय संपला."

विषय संपला नव्हता. राजेसाहेबांच्या भोजनाला चार दिवस उरले होते. टेबलावर माझा सीटिंग प्लॅन पसरला होता आणि राजेसाहेबांच्या उजव्या हाताच्या खुर्चीवर नाव लिहिलं होतं, पण त्या नावाची व्यक्ती सोळा महिन्यांपूर्वी वारली होती.

मी राजशिष्टाचाराचं काम करतो. परदेशातून कोणी मोठी व्यक्ती पुण्यात आली की तिला विमानतळावर कोण घेईल, गाडीत कोण कुठे बसेल, जेवताना कोणाशेजारी कोण, हे ठरवण्याचं हे खातं. काम नीट झालं तर कोणाच्या लक्षात येत नाही. चुकलं तर दोन देशांच्या लक्षात येतं. देशमाने मॅडम माझ्या वरिष्ठ. त्यांच्या हाताखाली मी नऊ वर्षं काढली आणि त्यांचा आवाज चढलेला दोनदाच ऐकला. त्यातली ही एक वेळ.

पाहुणे एका लहान देशाचे राजे. देशाचं नाव इथे लिहीत नाही. त्यांचा अधिकृत दौरा दिल्लीत होता. करार, मानवंदना, भाषणं सगळं तिकडेच उरकणार होतं. पुण्याला ते अर्धा दिवस येणार होते ते एका खाजगी कारणासाठी. त्यांच्या राणीसाहेब लग्नापूर्वी दोन वर्षं पुण्यात राहून प्राकृत शिकल्या होत्या. जिथे शिकल्या ती जागा राजांना बघायची होती. त्यानंतर दुपारी राज्य सरकारतर्फे भोजन, येरवड्याच्या रस्त्यावरच्या सरकारी अतिथिगृहात. यजमान आमचे मंत्री.

राजवाड्याकडून आलेल्या गोपनीय पत्रात तीन सूचना होत्या. राजांच्या उजवीकडची खुर्ची राणीसाहेबांची म्हणून मांडावी, तिथे ताट वाढावं, पण कोणी बसू नये. राणीसाहेब गेल्यापासून राजे गोड खात नाहीत. पण राणीसाहेबांना पुण्यातली पुरणपोळी आवडत असे, म्हणून त्यांच्या ताटात ती असावी. आणि या विषयाची भोजनाच्या वेळी कोणीही वाच्यता करू नये.

राजांच्या डावीकडे त्यांचे राजदूत बसणार, हे ठरलेलं. त्यामुळे मंत्र्यांची जागा रिकाम्या खुर्चीच्या पलीकडे आली. प्लॅन मंजुरीला गेला आणि अर्ध्या तासात मंत्र्यांचा फोन आला. मंत्री मूळचे शहरात सामील झालेल्या एका गावचे. बोलणं अजून गावचंच.

"सायेब, पाहुना इकडं, यजमान तिकडं, आन् मधी रिकामी खुर्ची? फोटो निघंल तर लोक म्हनतील, भांडान हाय. एक तर खुर्ची काढा, न्हाईतर मी येत न्हाई."

मी राजवाड्याच्या शिष्टाचारप्रमुखांशी बोललो. ते आधीच पुण्यात येऊन दाखल झाले होते. उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ, एप्रिलच्या उन्हातही काळ्या कोटात. मी विचारलं, खुर्ची काढली तर काय होईल?

"महाराज टेबलाशी येणार नाहीत," ते म्हणाले. "एकदा असं झालं आहे. त्यांनी खोलीत सूप मागवलं."

"दरबारी शोक किती दिवसांचा असतो आपल्याकडे?"

"एक वर्षाचा. तो संपून चार महिने झाले."

"मग खुर्ची?"

"महाराजांनी काढा म्हणून सांगितलेलं नाही. आणि काढू का असं त्यांना विचारणारं कोणी नाही."

इथे थोडं माझ्याबद्दल सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या फेब्रुवारीत माझी पत्नी सुनंदा गेली. तेराव्याला गोडाचं जेवण झालं, पण मी माझ्या पानात गोड वाढू दिलं नाही. पुढे पंधरा दिवसांनी तिचा भाऊ शरद शनिवार पेठेतून श्रीखंडाचा डबा घेऊन आला. आपल्याकडे पद्धत आहे, घरात मृत्यू झाला की सोयऱ्यांनी येऊन गोडाचा घास द्यायचा आणि दुखवटा काढायचा. मी त्याला चहा दिला. डबा मात्र तसाच परत पाठवला. चपला घालताना फक्त म्हणाला, "भाऊजी, जिन्यातला दिवा गेलाय. बदलून घ्या." ऑफिसात मी आठवड्यातच रुजू झालो होतो. मॅडम रजा घ्या म्हणाल्या, तेव्हा मी त्यांना राजांची फाइल दाखवली.

तर खुर्ची. मी मॅडमना म्हणालो, "मी मंत्रिमहोदयांना प्रत्यक्ष भेटून येतो."

"काय सांगणार? पत्र गोपनीय आहे."

"खरं तेच सांगणार."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुमच्या जबाबदारीवर," म्हणाल्या.

मंत्री बंगल्याच्या ओसरीत पाय वर घेऊन बसले होते. मी सांगितलं, ती खुर्ची राजांच्या बायकोची आहे. त्या वारल्या. राजे अजून त्यांचं ताट मांडतात आणि स्वतः गोडाला हात लावत नाहीत.

मंत्र्यांनी पाय खाली घेतले.

"मग आधी का न्हाई सांगितलं? गेलेल्या मान्साचं पान हाय म्हना की. खुर्ची खुर्ची काय लावलंय? पानाशेजारी बसायला माझी काय हरकत?"

एका वाक्यात सुटलेल्या गोष्टीसाठी आम्ही दोन दिवस पत्रं पाठवत होतो. मला वाटलं, अवघड भाग संपला.

भोजनाचं काम लेलेकाकूंकडे होतं. सदाशिव पेठेत त्यांचा केटरिंगचा व्यवसाय आहे, पण केटरिंग हा शब्द त्यांना आवडत नाही. "मी स्वयंपाक करते आणि वाढते," असं त्या सांगतात. टेबल-खुर्चीवरचं जेवण असलं तरी चांदीची ताटं आणि प्रत्येक ताटाभोवती महिरप हवी, हा त्यांचाच आग्रह. महिरप म्हणजे ताटाभोवतीची कमानदार सजावट, एरवी रांगोळीची, इथे फुलांच्या पाकळ्यांची. फुलं त्या दिवशी पहाटे मंडईतून आली. साडेबाराला मी हॉलमध्ये गेलो. चोवीस ताटं. तेवीस ताटांभोवती झेंडू, शेवंती आणि गुलाबाच्या पाकळ्यांची नक्षी. राजांच्या उजव्या हाताचं ताट मात्र पांढऱ्या कापडावर उघडं.

"काकू, हे राहिलं."

"राहिलं नाही. काढलेली नाही."

"का?"

"परवा फोनवर तुम्हीच म्हणालात ना, ते गेलेल्या बाईंचं पान आहे म्हणून? त्याच्याभोवती महिरप कशी काढू? मुंज आहे का त्यांची?"

चूक माझीच होती. त्या एका ताटात पुरणपोळी वाढायची आणि बाजूच्या राजांच्या ताटात नाही, हे नीट लक्षात राहावं म्हणून मी काकूंना कारण सांगितलं होतं. राजवाड्याच्या दृष्टीने ते राणीसाहेबांचं ताट होतं, इतरांसारखंच किंवा जरा अधिकच मानाचं. काकूंच्या दृष्टीने ते पितरांचं पान होतं. रांगोळी, फुलं, शोभा त्याला वर्ज्य. दोघांचंही बरोबर होतं आणि मी दोघांच्या मध्ये उभा होतो.

तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांना पहिल्या नजरेत दिसलं.

"राणीच्याच ताटाला सजावट नाही? लेलेबाई, दहा मिनिटं आहेत. काढा."

"तुम्ही काढा," काकू म्हणाल्या. "पाकळ्या त्या टोपलीत आहेत. माझ्या हातून अशुभ होणार नाही."

मॅडमनी खरोखर टोपलीकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्यांनाही सासू-सासऱ्यांची श्राद्धं करायची असतात. त्यांनी हात पुढे केला नाही. बाहेर गाड्यांचे दरवाजे वाजले.

राजे सत्तरीचे, बारीक, किंचित वाकलेले. बँडने दोन्ही राष्ट्रगीतं वाजवली. सगळे आपापल्या खुर्चीमागे उभे राहिले. मंत्र्यांना इंग्रजीपेक्षा मराठी बरं, म्हणून दुभाषा म्हणून मी रिकाम्या खुर्चीच्या मागे, दोघांच्या मध्ये. राजे बसले. सगळे बसले. राजांनी उजवीकडे बघितलं आणि बघतच राहिले.

"सगळ्यांना फुलं आहेत," ते इंग्रजीत म्हणाले. "हिला का नाहीत?"

शिष्टाचारप्रमुख भिंतीजवळ उभे होते. त्यांनी डोळे मिटून घेतले. राजदूतांनी नॅपकिन उलगडायला सुरुवात केली. मॅडम टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. त्यांचा चेहरा बघण्याचं धैर्य मला झालं नाही. विसरलं, माफ करा, आत्ता करतो, असं म्हणता आलं असतं. नोकरीत तसं बऱ्याच वेळा म्हटलं आहे.

"महाराज, आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या ताटाभोवती सजावट करत नाहीत."

"म्हणजे ज्यांनी ताट मांडलं त्यांना माहीत होतं."

"हो. मी सांगितलं."

"आणि काय करायचं नसतं, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"अलीकडेच सगळं करावं लागलं, महाराज."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. माझ्या चुरगळलेल्या शर्टाकडे, हातांकडे. पुढे काही विचारलं नाही.

"काय म्हनत्यात?" मंत्र्यांनी विचारलं. मी सांगितलं. वाढपी कोशिंबिरी वाढत होते. मंत्री जेवेनात.

"किती दिस झालं म्हनालात?"

"सोळा महिने."

"सोळा म्हैनं? आन् अजून गोड खाईत न्हाईत? यांना सोयरं न्हाईत का कुनी?"

हे मी भाषांतरित केलं नाही. पण राजांनी विचारलं, यजमान काय म्हणाले? दुभाष्याला दोनदा गप्प बसता येत नाही. मी सांगितलं. सोयरे म्हणजे कोण आणि दुखवटा कसा काढतात, तेही दोन वाक्यांत सांगितलं.

राजे थोडा वेळ काट्याशी चाळा करत होते. मग म्हणाले, "नातेवाईक पुष्कळ आहेत. पण ते सगळे माझ्यासमोर उभे राहतात."

मी ते मराठीत सांगितलं. मंत्र्यांनी हातातला नॅपकिन टेबलावर ठेवला आणि हाक मारली, "काकू, पोळी आना हिकडं. तूपबी."

लेलेकाकू स्वतः आल्या. मंत्र्यांनी गरम पोळी हाताने उचलली, रिकाम्या खुर्चीपुढून हात लांब केला आणि राजांच्या ताटात ठेवली. राजाच्या ताटाला त्याच्या माणसांखेरीज कोणी हात लावत नाही, हा जगातल्या बहुतेक राजवाड्यांचा नियम आहे. शिष्टाचारप्रमुख भिंतीपासून एक पाऊल पुढे आले आणि तिथेच थांबले.

"खावा म्हनावं," मंत्री म्हणाले. "आमी सोयरं हाय. आमी सांगतोय."

मी जसंच्या तसं सांगितलं. मला वाटतं, एकोणीस वर्षांच्या नोकरीतलं माझं ते सगळ्यात चांगलं भाषांतर असावं. त्यात मी काहीच घातलं नाही.

राजांनी रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. मग काटा-सुरी बाजूला ठेवली आणि पोळीचा तुकडा हाताने तोडला. जमेना, तेव्हा मंत्र्यांनी दोन बोटांनी कसा तोडायचा ते दाखवलं. राजांनी घास खाल्ला. हळू खाल्ला. काकूंनी न विचारता त्यावर आणखी तूप वाढलं आणि म्हणाल्या, "सावकाश होऊ द्या." हे मात्र मी भाषांतरित केलं नाही. त्याची गरज वाटली नाही.

फोटोत यातलं काही नाही. फोटोग्राफरना सगळे बसताच बाहेर काढायचं ठरलं होतं आणि त्याबाबत आम्ही कधी चुकत नाही. माझ्या अहवालात लिहिलं आहे, "भोजन नियोजित वेळेत पार पडले." मॅडमनी त्यावर सही केली. लेलेकाकूंशी त्या चार महिने बोलल्या नाहीत, मग घरच्या श्राद्धाचा स्वयंपाक त्यांनाच सांगितला.

निघताना राजे त्यांच्या शिष्टाचारप्रमुखांना त्यांच्या भाषेत एक लहान वाक्य बोलले. त्या गृहस्थांनी राणीसाहेबांच्या ताटापुढचं नावाचं कार्ड उचललं, ते रुमालात गुंडाळलं आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. माझ्या हाताला हात लावून ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजांच्या दौऱ्यातल्या पुढच्या शहरातून आमच्या सहकाऱ्याचा फोन आला.

"अहो, राजवाड्याकडून यादी बदलून आलीय. एक खुर्ची कमी. कारण लिहिलेलं नाही. तुमच्याकडे काही झालं का?"

"नाही," मी म्हणालो. "नियोजित वेळेत पार पडलं."

राजे-महाराजांचे हे दौरे, बँड, चांदीची ताटं कशासाठी, असं लोक विचारतात. मीही पूर्वी विचारत असे. करार तर फायलीवरच होतात. आता मला वाटतं, राजाला घरात बरोबरीचं माणूस नसतं. म्हणून त्याला जेवायला दुसऱ्या देशात जावं लागतं. बाकीचा सगळा थाट पाहुण्याची आणि यजमानाची खुर्ची जवळ आणण्यासाठी असतो आणि बरेचदा आम्हीच तो इतका करतो की त्या लांब जातात.

त्या संध्याकाळी मी शरदला फोन केला. म्हटलं, रविवारी जेवायला ये.

"डबा आणू का?" त्याने विचारलं.

"आण."

"आणि जिन्यातला दिवा?"

"तो नाही बदललेला."

"मग तोही आणतो," शरद म्हणाला.

नव्या अधिकाऱ्यांना शिकवायला मला अधूनमधून बोलावतात. मी त्यांना दोनच गोष्टी सांगतो. सीटिंग प्लॅनवर रिकामी खुर्ची दिसली की ती काढायच्या आधी ती कोणाची आहे ते विचारा. आणि विचारल्यावर जे कळेल ते यजमानांपासून लपवू नका. पहिला मुद्दा ते लिहून घेतात. दुसऱ्याच्या वेळी पेन खाली ठेवतात, कारण पत्रावर गोपनीय असं लिहिलेलं असतं.