दोन सूत वाढलेली चीर

पंच्याहत्तर साली मी सोलापुरातल्या एका कापड गिरणीत बॉयलरवर मिस्त्री होतो. त्या वर्षी वाफेच्या मोठ्या पाइपला जोडाशेजारी चीर सापडली. सापडली कसली, मीच शोधली. गिरणीच्या सुट्टीदिवशी पाइप थंड झाल्यावर त्यावर रॉकेल लावलं, पुसून कोरडं केलं आणि खडूची पूड चोळली. चिरेत मुरलेलं रॉकेल पांढऱ्यावर काळसर रेघ होऊन वर आलं. लांबी पाच सूत, म्हणजे पाऊण इंचाच्याही आत. दोन्ही टोकांना पंचनं टिंब मारून ठेवलं.

नवा पाइप मुंबईहून यायला दीड महिना लागणार होता. तोवर जुना टिकेल का, एवढाच प्रश्न. वीस वर्षं असे प्रश्न मला विचारले जात, पण तोंडभर शाबासकी कधी मिळाली नव्हती. या खेपेला तर मॅनेजरसाहेबांनी प्रश्नही मला विचारला नाही. तो गेला नव्या इंजिनिअरकडे.

हा सांगोल्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. टोक काढलेली पेन्सिल आणि चौकटीचा कागद घेऊन फिरायचा. मला त्याची पेन्सिलसुद्धा डोळ्यात खुपायची. दर सुट्टीला मी चीर मोजून वहीत लिहायची आणि यानं त्या आकड्याचं टिंब कागदावर मांडायचं, असं ठरलं. मोजणारा मी, साहेबांच्या टेबलापाशी खुर्ची त्याला.

तीन आठवडे चीर दर खेपेला अर्धा सूत वाढली. पुढंही तशीच वाढेल, असं मी छातीठोकपणे सांगितलं.

तो म्हणाला, "न्हाय मामा. तापलेलं लोखंड भार तेवढाच असला तरी हळूहळू ताणत जातं. चीर आधी रांगती, मग पळती. येत्या सुट्टीला ती दोन सूत वाढल्याली दिसंल. तसं झालं तर वाफ कमी करून गिरणी अर्धीच चालवाय लागंल."

"मापावरून ठरवू," मॅनेजर म्हणाले.

सुट्टीच्या सकाळी मी एकटाच पाइपावर चढलो. खडू चोळला. काळी रेघ माझ्या गेल्या खेपेच्या टिंबाच्या पुढं गेली होती. मोजली. दोन सूत, ना कमी ना जास्त. माझं तोंड कडू झालं. लोखंडानंसुद्धा त्याचंच ऐकावं? मी खडू पुसून टाकला आणि वहीत लिहिलं, अर्धा सूत.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर सगळ्यांदेखत त्याला हसले. मला आतून गुदगुल्या झाल्या. त्यानं खोडरबरानं कागदावरची रेघ पुसली, नवी काढली. गिरणी पूर्ण वाफेवर सुरू झाली.

तासाभरानं पाहतो तर तो पाइपाखाली स्टूल टाकून बसलेला.

"साहेब, हितं कशाला बसलाय?"

"हिशेब कुठं चुकला ते बघतो, मामा. आन चुकला नसंल, तर या भट्टीवरल्या लोकांच्या आधी मीच हितं असल्याला बरा."

"मग माप परत घ्या की."

"तुमचं माप? ते काय तपासायचं!" त्यानं इतक्या सहज म्हटलं की मला आधी लाज नाही, संतापच आला. असा विश्वास मी आयुष्यात कुणावर टाकला नव्हता. इथंही तो माझ्या पुढंच. शेजारी भट्टीत कोळसा ओढणारी चार माणसं होती. पाइप फुटला असता तर पहिली वाफ त्याच्या डोक्यावर आणि मग त्यांच्या अंगावर आली असती.

मी मॅनेजरकडे गेलो. म्हणालो, "माझी नजर चुकली असावी. बॉयलर थंड करा, परत मोजतो." एवढंच. बाकीचं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सगळ्यांसमोर मोजलं. वाढ दोन सुतांच्या थोडी वरच भरली. नवा पाइप येईपर्यंत गिरणी कमी वाफेवर अर्धी चालली आणि कुणाला ओरखडाही उठला नाही.

त्या दिवशी पाइपाखालीच मॅनेजरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चूक कबूल करायला छाती लागते, मिस्त्री. सगळ्यांनी शिका यांच्याकडून." पहिली टाळी इंजिनिअरनंच वाजवली.

वीस वर्षं वाट पाहिलेली ती शाबासकी मी मान खाली घालून घेतली.