बाबांच्या मुठीतलं मेण

दुपारी दोन ते पाच आमचं स्वयंपाकघर मेणबत्त्यांचं असतं. जेवणं आटपून ओटा पुसला की मी गॅसवर पाण्याचं पातेलं चढवते, त्यात मेणाचा डबा ठेवते आणि घासून गुळगुळीत केलेल्या करवंट्या ओळीने मांडते. कुणाकडे साखरपुडा असतो, कुणाकडे वास्तुशांत. पाहुण्यांच्या हातात ठेवायला लोक माझ्याकडून या मेणबत्त्या घेऊन जातात. बाबांना या उद्योगाचं कौतुक नव्हतं. "लाईट गेली की पेटवायची वस्तू ती," ते म्हणायचे. "तिला नटवायची कशाला?"

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. सगळी उमर घाटांतून गाड्या चालवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर राजापूरजवळच्या आमच्या घरी राहायचे, आई गेल्यापासून एकटेच. दोन वर्षांपूर्वी आषाढात चिऱ्याच्या पायरीवर शेवाळावरून त्यांचा पाय घसरला. तोल सावरायला टेकलेला उजवा हात मनगटात मोडला. मी त्यांना रत्नागिरीला घेऊन आले.

प्लॅस्टर कापलं त्या दिवशी आतून निघालेला हात मला ओळखूच आला नाही. कातडी पांढुरकी, सोलवटलेली, मनगट काठीसारखं. बोटं जेमतेम अर्धी वाकायची आणि तिथेच थांबायची. बाबा बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिले, मग त्यांनी तो पंच्याखाली घेतला. पुढे तो सारखा पंच्याखालीच असायचा. डाव्या हाताने चमच्याने जेवायचे, तेही जावई कामावर गेल्यावर. एकदा मी बांगडा केला, तर म्हणाले, "नको गो. आजकाल मासळी पचत नाही." जन्मभर मासळी खाल्लेला माणूस. चमच्याने काटे काढता येत नाहीत, हे मला रात्री भांडी घासताना कळलं.

फिजिओथेरपीच्या बाईंकडे आठवड्यातून दोनदा जायचं होतं. तरुण, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी हातात रबरी चेंडू दिला, तेव्हा बाबा मला हळूच म्हणाले, "चेंडू खेळायचं वय आहे का माझं?" पण त्यानंतर बाईंनी एका चौकोनी भांड्याचं झाकण उघडलं आणि बाबा पुढे वाकले.

"हे मेण," बाबा म्हणाले.

"हो. यात हात बुडवायचा. ऊब आतपर्यंत जाते, बोटं सैल होतात."

"माझ्या मुलीच्या घरात हे किलोंनी पडलंय."

बाई हसल्या, पण मला बाजूला घेऊन त्यांनी नीट बजावलं. मेणबत्तीचं मेण चालणार नाही, ते फार तापतं. मऊ मेण आणायचं, रंग नाही, वास नाही. त्यात तेल मिसळायचं. गॅस बंद करून थांबायचं, वर साय धरू लागली की आधी आपला हात घालून बघायचा, मग त्यांचा.

दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या ओट्यावर आणखी एक पातेलं आलं. बाबा स्टुलावर बसून हात बुडवायचे, वर काढायचे, थर पांढरा झाला की पुन्हा बुडवायचे. सात-आठ थर झाले की मी हात टॉवेलात गुंडाळून ठेवायची. पहिल्या दिवशी टॉवेल सोडला आणि मेण मनगटापासून जपून सोडवत गेले, तर ते फाटलं नाही. अख्खा हातमोजा निघून माझ्या तळव्यावर आला. मी तो खिडकीपाशी नेला. आतल्या बाजूला सगळं उमटलं होतं. नखांच्या कडा, बोटांची पेरं, तळव्यावरच्या रेषा, अंगठ्याखालची जुनी खूण. स्टिअरिंगने घासून घासून जिथे घट्टे पडले होते, तिथे मेणात गुळगुळीत खळगे होते. आयुष्यभर ज्या हाताच्या आधाराने मी वाढले, तो मी असा कधी पाहिलाच नव्हता. उजेडासमोर धरला तर त्यातून उन्हाचा पिवळा रंग येत होता.

"काय बघतेस एवढं?" बाबांनी विचारलं.

मी तो त्यांच्यासमोर धरला. त्यांनी मान वाकवून आत पाहिलं. मग म्हणाले, "आतून असा दिसतो होय."

मेण कोमट असतानाच मुठीत दाबायचं, असं बाईंनी सांगितलं होतं. बाबांनी तो मोजा चुरगळून दाबला. गोळा झाला तो नुसता चपटा, अंगठ्याच्या एका ठशाचा. खरं तर तो पुन्हा पातेल्यात टाकायचा. माझा हात होईना. मी तो खिडकीत ठेवला. दुसऱ्या दिवशीचा त्याच्या शेजारी ठेवला. मग रोज एक.

महिनाभराने बाबांनी स्वतःच दाभण मागितलं. गोळ्यांना भोकं पाडून त्यांत वात ओवायची, म्हणाले. पहिली वात ओवायला त्यांना अख्खी दुपार लागली. सुताचं टोक भोकाशी यायचं आणि निसटायचं. मी पुढे झाले तर म्हणाले, "तू तुझं बघ." मी पाठ करून करवंट्या भरत राहिले. मागून फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता.

दिवाळीच्या आधी ते सगळे गोळे खिडकीतल्या ओळीनेच एका पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून आम्ही बाईंकडे गेलो. "घरी केलेल्या मेणबत्त्या," बाबा संकोचून म्हणाले. "तुमच्यासाठी. दिसायला काही खास नाहीत."

बाईंनी एकेक गोळा काढून टेबलावर मांडला. दोन-चार इकडचे तिकडे केले. आणि मग त्या बोट ठेवून वाचू लागल्या. "इथे फक्त अंगठा. इथे पहिलं बोट आलं. हे मधलं. काका, या दिवशी काहीतरी झालं होतं का? सगळीच बोटं उथळ आहेत."

"त्या दिवशी ताप होता," बाबा म्हणाले.

"आणि इथून करंगळी."

मी वाकून बघितलं. शेवटच्या काही गोळ्यांत चार खोल खाचा होत्या, एकाला एक लागून, आणि चौथी जराशी तोकडी. रोज मी शेजारी उभी होते. हाताला बळ येत होतं, बोटं एकेक करून परत येत होती, आणि ती आल्याची खूण रोज माझ्या खिडकीत ठेवली जात होती. मी तिच्यावरची धूळ पुसत होते, पण दिसलं काहीच नव्हतं.

"या मी पेटवणार नाही," बाई म्हणाल्या. "इथे फळीवर ठेवू का? ओळीने?"

बाबांनी मान डोलावली.

बाकावर एक मावशी बसल्या होत्या, त्याच सकाळी प्लॅस्टर निघालेल्या. हात पदराखाली होता. त्यांनी तो बाहेर काढला आणि पहिल्या, चपट्या गोळ्यावर अंगठा टेकवला. "एवढंच जमायचं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"तेवढंसुद्धा नाही," बाबा म्हणाले. "मेण मऊ होतं म्हणून ठसा आला."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि मनगट कसं टेकवायचं, जोर कुठून लावायचा, ते मावशींना दाखवू लागले. करंगळी आजही पूर्ण मिटत नाही बाबांची. मी पिशवी घेऊन दाराशी उभी राहिले. आमची परतीची बस केव्हाच निघून गेली असणार. बाबांनी घड्याळाकडे पाहिलंही नाही, आणि मीही त्यांना हाक मारली नाही.