चेहरा तेवढा राहिला

पेंटरकाका माणसाकडे बघायला लागले की बघतच राहायचे. समोरच्याने तोंड फिरवलं, चहाचा कप आडवा धरला, तरी त्यांची नजर हलायची नाही. लंडनमधल्या क्रॉयडनच्या आमच्या बुद्धविहारात नव्याने येणाऱ्या बायका आधी बिचकायच्या. मग कुणीतरी सांगायचं, "अहो, काही नाही, ते तुमचं नाक मोजतायत." आणि ते खरंच मोजत असायचे. माझ्या बाबांचे ते जुने मित्र. बाबा गेल्यावर काकांना हॉस्पिटलला नेणं-आणणं माझ्याकडे आलं, आणि गाडीत सिग्नल लागला की ते माझं कपाळ मोजायचे. मला त्याचा राग यायचा. तसा मला बऱ्याच गोष्टींचा येतो.

तरुणपणी त्यांनी नागपुरात सिनेमाची पोस्टरं रंगवली होती. इथे आल्यावर मात्र स्लाऊच्या एका गोदामात तीस वर्षं खोक्यांवर लेबलं चिकटवली. "लेबल सरळ लागलं म्हणजे झालं, आत काही का असेना," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी इथल्या दिवसांबद्दल विचारलं की ते एवढंच म्हणायचे आणि हसायचे. ते हसणं मला कधीच आवडलं नाही.

विहारासाठी त्यांनी बुद्धाचं सहा फुटी चित्र काढायला घेतलं तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. चीवर झालं, हात झाले, मागचा पिंपळ पानापानाने झाला. चेहऱ्याची जागा कोरी. बुद्धपौर्णिमेला चित्र लावायचं म्हणून कमिटी घायकुतीला आली. कुणीतरी म्हणालं, काका, इंटरनेटवर शेकड्याने आहेत, त्यातला एखादा बघून काढा की. काका म्हणाले, "न बघितलेल्या मालावर तीस वर्षं लेबलं लावली. आता न बघितलेला चेहरा काढणार नाही."

त्याच हिवाळ्यात त्यांचा काचबिंदू बळावला. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही. ऑपरेशन केलं तर उरलेली टिकेल, आणि ते लवकर करायला हवं. फेब्रुवारीतली तारीख मिळाली. आणि तारीख मिळाली त्याच आठवड्यात काकांना चेहरा सापडला.

तो ट्राम चालवायचा. तिशीचा, सुदानी असावा. काकांनी मला मुद्दाम दाखवायला नेलं. मी नाक मुरडतच गेले होते, पण खोटं कशाला बोलू, इतका देखणा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. ट्राम स्टॉपला लागेपर्यंत काचेमागे तो दिसायचा, पापण्या जराशा खाली, नजर रुळांवर. अर्धा मिनिट, फार तर.

त्या अर्ध्या मिनिटासाठी काका रोज सकाळी दाढी घोटून, लग्नातला कोट घालून स्टॉपवर उभे राहायला लागले. गारा पडोत, बर्फ पडो. ट्राममध्ये चढायचं नाही, हात करायचा नाही. नुसतं बघायचं, घरी यायचं, रंगवायचं आणि दुपारपर्यंत सगळं खरवडून टाकायचं. माझी मुलगी इथेच जन्मलेली. ती म्हणाली, "आई, काकाला सांग ना. असा स्टेअर करते तर कोणी पोलीस बोलवेल." तिचं मराठी जाऊ दे, म्हणणं खरं होतं. मी काकांना म्हटलं, सरळ बोला त्याच्याशी, चार वेळा येऊन बसशील का म्हणून विचारा. ते घाबरलेच. "बोललो की तो माणूस होईल गं. त्याला पाठदुखी असेल, हप्ते असतील. मग मला तेच दिसेल."

ऑपरेशन झालं असतं तर कित्येक आठवडे घरात बसावं लागलं असतं. तारखेच्या आदल्या आठवड्यात ते मी नोकरी करते त्या कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, ऑफिसात आले, सगळ्यांसारखं टोकन घेऊन रांगेत बसले, आणि नंबर लागल्यावर माझ्या काउंटरसमोर येऊन हात जोडले. तारीख दोन महिने पुढे ढकल म्हणाले. त्यांचं इंग्रजी हॉस्पिटलवाल्यांना पटत नाही, माझं पटतं. मी नाही म्हटलं, मी रागावले, त्यांना बाबांची शपथ घातली.

"डोळे वाचवून मी पुढे काय बघू?" ते म्हणाले. "भिंत?"

त्यांच्या मागे लोक ताटकळले होते. मी फोन केला. पेशंटला खोकला आहे, छाती भरली आहे, असं मी माझ्या या तोंडाने सांगितलं. हे मी कुणाला सांगत नाही. काकांचा राग मला आजही येतो, पण तो फोन करणाऱ्या बाईला मी अजून माफ केलेलं नाही.

मार्च गेला, एप्रिल गेला. नवी तारीखही त्यांनी माझ्या नकळत चुकवली. त्यांच्या कपाळावर दाराच्या चौकटीचं टेंगूळ दिसू लागलं. डोळ्यांत घालायचे थेंब कधीच संपले होते, ते त्यांनी लपवलं. विचारलं की म्हणायचे, "फक्त ओठाचा डावा कोपरा राहिलाय." बुद्धपौर्णिमा आली तेव्हा कमिटीने छापील तसबीर लावली. काका कोपऱ्यात बसले होते. त्या दिवशी त्यांनी कुणाचंही नाक मोजलं नाही.

शेवटी मीच हॉस्पिटलच्या हातापाया पडून जवळची वेळ मिळवली आणि त्यांना न्यायला थेट स्टॉपवर गेले. ट्राम आली. काकांनी माझं कोपर घट्ट धरलं. मी काचेकडे पाहिलं. पन्नाशीची एक जाडजूड बाई ट्राम चालवत होती. लाल केस, तोंडात च्युइंगगम.

आता हे कोसळणार म्हणून मी त्यांना सावरायला वळले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"बघ, आज किती शांत बसलाय," ते म्हणाले. "आज ओठाचा कोपरा दिसला. तुलाही दिसला ना?"

"हो काका, दिसला."

"मग चल. आता कुठे न्यायचं तिथे ने."

मी त्यांना बाकावर बसवलं आणि स्टॉपवरच्या कर्मचाऱ्याकडे त्या देखण्या ड्रायव्हरची चौकशी केली. तो नोकरी सोडून बर्मिंगहॅमला गेला होता. सहा आठवडे झाले, म्हणाला.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. मग खुर्ची मागे सरकवून ते माझ्याशी हळू आवाजात इंग्रजीत बोलले. ऑपरेशन करून टिकवावं असं आता फारसं काही उरलेलं नाही. हे तुम्हीच त्यांना त्यांच्या भाषेत सांगाल का, असं त्यांनी विचारलं. काकांनी माझ्याकडे तोंड वळवलं, पण ते थोडं चुकलं. माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून ते हसत होते, काय म्हणाले म्हणून विचारत होते. मी उठून त्या खुर्चीत बसले. डोळ्यांचं तेवढं सांगितलं. ट्रामचं सांगितलं नाही.