चाखून थुंकणाऱ्या बाई

बाई कुणाकडेही जेवायला गेल्या की आधी स्वयंपाकघरात शिरायच्या. काकडी, दुधी, जे चिरायला घेतलं असेल त्याचा देठाकडचा तुकडा चावायच्या आणि खुशाल सिंकमध्ये थुंकायच्या. "गोड आहे. करा भाजी!" नॉटिंगहॅमच्या आम्हा मराठी मंडळींना याची सवय होती. इथे जन्मलेली माझी लेक मात्र कुजबुजायची, "आई, बाई कसा स्पिट करते, सो ग्रॉस!"

पहिल्या माणसांनी बागा कशा लावल्या, हे बाई युनिव्हर्सिटीत शिकवत. त्या रिटायर झाल्यावर आम्ही दोघींनी कौन्सिलची अलॉटमेंट घेतली, म्हणजे भाजी लावायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा. तिथला कचऱ्याचा ढीग त्या मला हलवू देत नसत. "अगं, पहिली बाग उकिरड्यावरच झाली असणार. खाऊन बिया फेकल्या, झोपडीमागे वेल आला. कुणा बाईने तो उपटला नाही. फळ चाखलं, कडू ते थुंकलं, गोड त्याच्या बिया ठेवल्या. झाली की सुरुवात!"

"पुरावा काय?" मी विचारायचे.

"त्या पहिल्या बाईचा पुरावा नाही गं. पण तिचा स्वभाव मला माहीत आहे."

मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते, त्यात जात्याच घाबरट. आपोआप उगवलेला भोपळा कडू निघाला तर तो विषारी असतो, हे मला पक्कं ठाऊक. त्यामुळे बाईंनी तुकडा तोंडात टाकला की त्या थुंकेपर्यंत माझा जीव टांगणीला.

"एवढी काळजी केलीस तर केस पिकतील."

"पिकलेत, बाई. तुमच्यामुळेच!"

गेल्या हिवाळ्यात त्यांना मोठा ताप आला. त्यानंतर एकदा त्यांनी केलेलं पिठलं इतकं खारट झालं होतं की मला गिळवेना, आणि त्या मात्र मजेत जेवत होत्या. "बाई, चव लागते ना?" म्हटलं, तर माझ्यावर भडकल्याच. पण धास्ती काही जाईना.

सप्टेंबरात ढिगावरच्या एका वेलाचा भोपळा त्यांनी कापला. तुकडा बराच वेळ चघळला. "गोड आहे," म्हणाल्या. मी नुसती जीभ लावली आणि ओरडले, "थुंका, बाई! कडूजहर आहे!"

बाईंचा चेहरा पडला. "मला काहीच लागत नाही गं, तापापासून. कुठेतरी चव सापडेल म्हणून चघळत राहिले आणि गिळलं गेलं."

संध्याकाळपर्यंत उलट्यांनी त्या पार गळून गेल्या. इमर्जन्सीत त्यांचा हात धरून बसले होते, तेव्हा औषधांबद्दल मला जे जे येतं ते सगळं विसरायला झालं होतं. सलाइन लावलं, निभावलं. पण त्यांच्या मुलाने ठरवलं, आई आता बेसिंगस्टोकला आमच्याकडेच राहणार.

निघायच्या दिवशी बाई अलॉटमेंटवर आल्या. ढिगावरच्या दुसऱ्या वेलाला एक भोपळा होता. त्यांनी तो कापला आणि तुकडा माझ्यापुढे धरला. मी तो तोंडाकडे नेला, तशी त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं. "थांब! गिळायचं नाही हं. चावायचं आणि लगेच थुंकायचं. लगेच!" बाईंना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मी चावलं, थुंकलं. "गोड आहे, बाई."

"नक्की?"

"अगदी नक्की."

मनगट सुटलं. बाईंचे डोळे भरून आले होते. "कसा गोड आहे?" त्यांनी विचारलं. "नीट सांग ना."

मी आणखी एक तुकडा तोंडात टाकला आणि सांगू लागले. बाई डोळे मिटून ऐकत राहिल्या.